बिल्ल्याशिवाय वस्तू नाही

बिल्लामावशींच्या दाराला दोन कड्या, एक साखळी आणि एक भोक. भोकातून आधी डोळा बघतो, मग साखळीच्या फटीतून नाक बाहेर येतं, आणि एवढ्यावर समाधान झालं तरच कड्या निघतात. शेजारची मुलगी उसनी नेलेली साखर परत द्यायला आली तरी मावशी विचारतात, कोणी पाठवलं. आपलीच साखर आपल्याकडे परत येते आहे, तरी वाटी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतात. मुलगी बिचारी दारात उभी, आणि आत साखरेची चौकशी चाललेली.

त्या जन्मापासून अशा नव्हत्या. त्यांना नोकरीनं असं केलं. शहरातल्या मोठ्या संग्रहालयाच्या तळमजल्यावर सामान ठेवायची खिडकी होती, तिथे त्यांनी उभा जन्म काढला. येणाऱ्यानं पिशवी, छत्री, काय असेल ते द्यायचं. मावशी पितळी बिल्ल्यांची जोडी काढायच्या, एक पिशवीला अडकवायच्या, दुसरा माणसाच्या हातात. जाताना बिल्ला आला की पिशवी गेली. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, ‘पोरी, चेहरा बघू नकोस. चेहरे गोड असतात. बिल्ला बघ.’ मावशींनी ते असं धरून ठेवलं की एकदा संग्रहालयाच्या बड्या साहेबांचा बिल्ला हरवला, तर त्यांनाही बाकावर बसवलं. बिल्ला हरवलेल्यासाठी नियम वेगळा होता. पिशवीत काय काय आहे ते तोंडानं सांगायचं, मावशी आत बघून पडताळणार, मग सही, मग पिशवी. साहेबांना भर लोकांत सांगावं लागलं की आत एक कंगवा आहे, पायमोज्याचा एकच पाय आहे आणि डबीत वरच्या दातांची कवळी आहे. तेव्हापासून साहेब बिल्ला गळ्यात घालून हिंडायचे.

पुढे तिथे नाण्यावर चालणारी लोखंडी कपाटं आली आणि मावशींची खिडकी बंद झाली. निरोपाच्या दिवशी काय हवं विचारलं, तर त्यांनी बिल्ल्यांची एक जोडी मागून घेतली. ती अजून स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगलेली आहे. नाव म्हणाल तर ते कोणाच्या लक्षात नाही. इमारतीत सगळे बिल्लामावशीच म्हणतात.

नवरा बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर त्याला एकच नाद, खुर्चीत बसून टीव्हीवर फुटबॉल बघायचा, तोही आवाज बंद करून. आयुष्यभर इंजिन आणि भोंगे ऐकले, आता कानाला सुट्टी, असं म्हणायचा. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. तो एकदा सुट्टीत आला असताना वडिलांसाठी एका कंपनीचं एकात-तीन असं जोडून गेला, टीव्ही, इंटरनेट आणि घरचा फोन. अर्ज त्यानंच भरला. वडिलांना ईमेल म्हणजे काय ठाऊक नव्हतं, म्हणून त्या रकान्यात त्यानं आपलाच टाकला. त्या वेळी ते कोणाच्या डोक्यातही राहिलं नाही.

मग नवरा गेला. खुर्ची राहिली, रिमोट राहिला आणि दर महिन्याला बँकेतून आपोआप पैसे जाणं राहिलं. मावशी टीव्ही लावत नव्हत्या. त्या बॉक्सचा हिरवा दिवा आपल्याकडे टक लावून बघतो, असं त्यांना वाटायचं, म्हणून त्याच्यावर फडकं टाकलेलं. फोन त्यांच्या मोबाईलवर यायचा. म्हणजे तिन्ही गोष्टींचे पैसे जात होते आणि तिन्ही गोष्टी फडक्याखाली बसून होत्या.

त्यातच खालच्या मजल्यावरच्या पोस्टमनकाकांचं ते प्रकरण झालं. निवृत्त पोस्टमन, सगळ्या गावाची पत्रं वाटलेला माणूस, पण फोनवर कोणीतरी गोड बोललं, मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला, काकांनी वाचून दाखवला, आणि खातं धुतलं गेलं. त्या दिवसापासून मुलाच्या डोक्यात भुंगा शिरला. दर रविवारी फोनवर तेच. आई, तू एकटी असतेस, खात्यावर माझं नाव लाव, बँकेचं मी इथून बघतो, तुला लागतील तसे पाठवतो.

लागतील तसे. मावशींना हे दोन शब्द फार झोंबले. स्वतःच्या पगाराचे साठवलेले पैसे, आणि ते मागायला लेकापुढे हात पसरायचा, म्हणजे आपलीच पिशवी आणि बिल्ला दुसऱ्याच्या खिशात. त्या नको म्हणाल्या. तो म्हणाला, तुला जमणार नाही. त्या म्हणाल्या, काय जमणार नाही? शेवटी तो वैतागला.

“आई, तो टीव्हीचा कारभार बंद करायचा म्हणतेस ना? एक पैसा जास्त न जाता बंद करून दाखव. केलंस, तर खात्याचं मी पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर माझं ऐकायचं.”

“ऐकेन,” मावशी म्हणाल्या. “पण तू मध्ये बोलायचं नाहीस.”

तो म्हणाला, नाही बोलणार. आणि बोलला नाही, हे पुढे कळेलच.

दुसऱ्या दिवशी मावशींनी चहा घेतला, चष्मा पुसला आणि कंपनीला फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग गाणं वाजलं, मग पुन्हा यंत्र. अखेर एक मुलगी आली. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं हिच्या घरी आजच बारसं आहे. मावशी लगेच सावध झाल्या. त्यांनी तिला नाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि ते मावशींना खोटं वाटलं.

बंद करायचंय म्हटल्यावर मुलीला अतोनात दुःख झालं. आपल्यासारख्या जुन्या ग्राहकांसाठी कंपनीनं खास सवलत ठेवली आहे म्हणाली, सहा महिने अर्ध्या पैशात. मावशींनी विचारलं, ही माया इतकी वर्षं कुठे होती? मुलगी हसली. मग मावशींनी पिशवी चाचपतात तशी ती सवलत चाचपायला घेतली. अर्धे पैसे सहा महिने, मग पुढे? पुढे पूर्ण. आणि मध्येच सोडलं तर? तर दंड, कारण सवलत घेतली की नवा करार वर्षाचा. हे मुलीनं आपण होऊन सांगितलं नव्हतं, आत हात घालून काढावं लागलं.

मग मावशी म्हणाल्या, टीव्ही तेवढा काढ, इंटरनेट राहू दे, लेक आला की त्याला लागतं. तर मुलगी म्हणाली, सुटं इंटरनेट घेतलं तर टीव्हीसकट जेवढं पडतं त्याहून महाग पडेल.

“म्हणजे बशी नको म्हटलं तर कप महाग?”

“पॅकेजच तसं आहे, मॅडम.”

“मग कपही नको. सगळंच बंद कर.”

आता तारखेचा प्रश्न आला. मावशींनी नुसतं बंद करा म्हणून फोन ठेवला असता तर फसल्याच असत्या. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, करार पुढच्या महिन्याच्या अखेरीला संपतो. त्याआधी तोडलं तर दंड. आणि संपण्याच्या पूर्ण महिनाभर आधी कळवलं नाही तर आणखी एक महिना आपोआप लागतो. म्हणजे कळवायचा दिवस आजचा किंवा उद्याचा, परवा कळवलं असतं तर गेले असते पैसे. एवढी महत्त्वाची गोष्ट आणि मुलगी ती सर्वात शेवटी सांगते, तीही विचारल्यावर. मावशींनी मनात तिची गोडी आणखी एक पायरी खाली उतरवली.

“माझा बिल्ला दे,” त्या म्हणाल्या.

“काय, मॅडम?”

“मी बंद करायला सांगितलं, त्याची खूण दे काहीतरी. नंबर असेल ना?”

नंबर होता. मावशींनी तो मोबाईलवर मागवून घेतला, वर मुलीला तोंडानं म्हणायला लावला आणि जुळतो का बघितलं. जुळला. फोन ठेवल्यावर त्या आरशासमोरून जाताना थोड्या ताठ चालल्या.

महिना गेला. करार संपला त्या दिवशी फडक्याखालचा हिरवा दिवा आपोआप लाल झाला. सगळं ठरल्याप्रमाणे. आता राहिलं होतं फक्त सामान परत करणं. कंपनीचा बॉक्स, इंटरनेटचा डबा, वायरी, रिमोट. मावशींनी ते पुसून एका कापडी पिशवीत भरलं. रिमोट भरताना जरा वेळ लागला. त्याच्यावरची चॅनेलची बटणं झिजून गुळगुळीत झाली होती आणि आवाजाची दोन बटणं अगदी नवीकोरी होती, जशी दुकानातून आली तशी. मावशींनी खिळ्यावरच्या जोडीतला एक बिल्ला पिशवीच्या बंदाला बांधला. सवय, दुसरं काय.

दोन दिवसांनी बेल वाजली. भोकातून बघितलं, तर चाळिशीचा एक माणूस. अंगात कंपनीचा शर्ट, हातात हेल्मेट, हेल्मेटच्या काचेला तडा, तड्यावर चिकटपट्टी. मावशींनी साखळी ठेवून दार किलकिलं केलं. तो म्हणाला, बॉक्स न्यायला आलोय. मावशींनी नंबर विचारला. त्याच्याकडे नंबर नव्हता. त्याच्या मोबाईलवर फक्त पत्ता आणि नाव. नाव काय, दारावरच्या पाटीवरही आहे. शर्ट काय, कोणीही शिवून घेईल. आणि मग त्यानं ते वाक्य टाकलं.

“मावशी, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला असेल बघा. तेवढा सांगा.”

झालं. मावशींच्या डोळ्यांपुढे पोस्टमनकाका उभे राहिले, धुतलेल्या खात्यासकट. त्यांनी दार लोटलं, दोन्ही कड्या घातल्या आणि आतून असा आवाज चढवला की वरच्या मजल्यावरचे लोक खाली वाकले. चोर, चोर करतच त्या खिडकीपाशी गेल्या. पोस्टमनकाका धावत आले. स्वतः फसलेल्या माणसाला दुसरा कोणी वाचतो आहे हे बघून स्फुरण चढतं, तसं त्यांना चढलं. त्यांनी जिन्यात त्या माणसाचा फोटो काढला, इमारतीच्या ग्रुपवर टाकला, फाटकावरच्या पहारेकऱ्याला दाखवला. तो माणूस काहीतरी सांगायला बघत होता, पण ऐकतो कोण. हेल्मेट डोक्यात घालून निघून गेला.

त्या दिवशी मावशींचं इमारतीत फार कौतुक झालं. संध्याकाळी त्यांनी लेकाला आपण होऊन फोन केला आणि सगळं रंगवून सांगितलं. त्यांना वाटलं, तो म्हणेल, शाब्बास आई. तो नुसता हं म्हणाला. मग म्हणाला, बरं झालं, आणि तब्येतीचं विचारायला लागला. मावशींना ते हं काही बरं वाटलं नाही. आत काहीतरी असलेली पिशवी उचलली की हाताला कळतं, तसं ते जड लागलं. पण काय आहे ते कळेना.

पिशवी तशीच दाराआड राहिली. मावशी निवांत होत्या. खिडकीवरचा त्यांचा आणखी एक नियम होता, सामानाच्या मालकामागे आपण धावायचं नाही. कोणी छत्री विसरून गेला तर छत्री फळीवर राहते, मालक आपला बिल्ला घेऊन येतो. कंपनीला बॉक्स हवा असेल तर कंपनी खरा माणूस पाठवेल, खऱ्या नंबरासकट. त्या वाट बघत बसल्या. तिकडे कंपनी मावशींची वाट बघत होती. आणि अशा दोघांमध्ये नुकसान कोणाचं होतं, तर ज्याच्या खात्याला दुसऱ्याचा हात लागलेला असतो त्याचं.

महिना संपायच्या सुमाराला मोबाईलवर शेवटचं बिल आलं. मावशींनी ते बोटानं मोठं करून वाचलं. बॉक्स परत न दिल्याबद्दल त्याची पूर्ण किंमत. इंटरनेटच्या डब्याची पूर्ण किंमत. रिमोटचीसुद्धा. आणि खाली बारीक अक्षरात, ही रक्कम पाच तारखेला आपल्या खात्यातून आपोआप वळती होईल.

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. रक्कम तेवढीच राहिली.

कंपनीला फोन लावला. यंत्रानं ग्राहक क्रमांक विचारला, त्यांनी दाबला, आणि यंत्र म्हणालं, आपण आमचे ग्राहक नाही, फोन केल्याबद्दल धन्यवाद. दुसऱ्यांदा लावला, तेच. तिसऱ्यांदा मावशींनी यंत्राला सरळ विचारलं की बाई, पैसे घ्यायला मी ग्राहक आहे आणि ऐकून घ्यायला नाही, हे कसं? यंत्रानं धन्यवाद दिले.

मग संशयाला मोकळं रान मिळालं. मावशी ओट्याशी उभ्या राहून विचार करायला लागल्या. तो शर्टवाला खराच होता की काय? की खोटाच होता, आणि कंपनीनंच पाठवला होता, आपण हाकलावं म्हणून? त्या गोड मुलीनं मुद्दाम तर नसेल केलं? मग आणखी एक विचार आला, तो त्यांनी दोनदा झटकला आणि दोन्ही वेळा तो परत आला. लेकाचं ते हं. शर्त हरली तर फायदा कोणाचा? खातं कोणाच्या हातात जातं? त्यांनी चहाचं भांडं विसळलं, पुन्हा विसळलं. स्वतःच्या पोरावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या ताटात वाकून बघण्यासारखं, तोंड आपलंच दिसतं. पण सवय सवय असते.

बँकेत जाऊन ते आपोआप जाणारे पैसे थांबवावेत, असंही एकदा मनात आलं. पण पैसे थांबवले म्हणजे देणं मिटत नाही, उलट थकबाकी म्हणून पाठीला लागतं, एवढं त्यांना कळत होतं. देणं मुळातूनच काढायचं होतं.

सकाळी त्यांनी पिशवी उचलली आणि बस पकडून कंपनीच्या कचेरीत गेल्या.

कचेरी काचेची. दारातच एक यंत्र, बटण दाबलं की नंबराची चिठ्ठी देणारं. मावशींना त्या इमारतीत तेवढी एकच गोष्ट पटली. चिठ्ठी मुठीत धरून त्या खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर, बंद मनगटाला गुंडाळलेला. नंबर आला. खिडकीत सर्दी झालेला एक माणूस होता, गळ्याला मफलर, समोर खोकल्याच्या गोळ्या. बॉक्स इथे घेत नाही म्हणाला, घरी माणूस येतो.

“आला होता. मी हाकलला.”

त्यानं पडद्यावर बघितलं. “बरोबर. लिहिलंय इथे, ग्राहकाने वस्तू देण्यास नकार दिला.”

म्हणजे तो खराच होता. मावशींनी ते गिळलं. गिळायला वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, मग पुन्हा का नाही पाठवला? खिडकीतला म्हणाला, विचारलं होतं ना तुम्हाला, त्याच दिवशी ईमेल गेला आहे. दुसऱ्यांदा माणूस हवा का, हवा तर उत्तर द्या. उत्तर आलं नाही, म्हणून किंमत लागली.

“माझा ईमेल नाही,” मावशी म्हणाल्या.

“आहे की. हा बघा.” आणि त्यानं पडद्यावरचा पत्ता नाक ओढत वाचून दाखवला. त्यात मावशींचं नाव नव्हतं, त्यांच्या नवऱ्याचंही नव्हतं. लेकाचं होतं.

मावशींनी पिशवीचा बंद आणखी एक वेढा घट्ट केला. हं म्हणजे काय होतं ते आता कळलं. त्याला त्या दिवशीच माहीत होतं. मध्ये बोलायचं नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि त्यानं ते अक्षरशः पाळलं होतं.

मागे दार उघडलं. एक माणूस पाठीवर भलं मोठं पोतं घेऊन आत आला आणि कोपऱ्यात ते उतरवलं. आत बॉक्सच बॉक्स. हेल्मेट काढलं, काचेला तडा, तड्यावर चिकटपट्टी. त्यानं मावशींना बघितलं आणि जागच्या जागी थांबला.

“याच त्या,” तो खिडकीतल्या माणसाला म्हणाला. “ज्यांनी मला चोर केलं. फोटो लागलाय माझा. त्या इमारतीच्या फाटकातून आत सोडत नाहीत. तिथली तीन घरं माझ्याकडे होती, तिन्ही गेली.”

खिडकीतल्यानं गोळी तोंडात टाकली आणि मावशींकडे बघितलं. रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं. मावशींना आयुष्यात पहिल्यांदा बाकावरच्या साहेबांची कीव आली.

“चोर म्हणाले, ते परत घेते,” त्या म्हणाल्या. “संशय घेतला, ते घेत नाही. तुझ्याकडे नंबर नव्हता.”

“नंबर आम्हाला देतच नाहीत, मावशी. ओटीपी हाच नंबर. तो तुमच्याकडे येतो, तुम्ही मला सांगता, म्हणजे कंपनीला कळतं की सामान खरंच माझ्या हातात आलं. नाहीतर मीच उद्या म्हणेन, घेतलं म्हणून, आणि विकून खाईन.”

मावशींना आता उमगलं. म्हणजे ओटीपी हा कंपनीच्या बाजूचा बिल्ला होता, कंपनीनं त्यांच्याच हातात ठेवलेला. पोस्टमनकाकांकडून फोनवर मागितला तो चोरानं. इथे कचेरीत, समोर, पिशवी देताना मागतो तो वेगळा. दोन्ही दिसायला सारखेच.

“काढ पुन्हा ओटीपी,” त्या म्हणाल्या.

खिडकीतल्यानं कुरकुर करत दुसऱ्या फेरीची नोंद घातली. हेल्मेटवाल्यानं आपला मोबाईल दाबला. मावशींचा मोबाईल वाजला. आकडे आले. आणि इथे गाडी अडली. मावशी म्हणाल्या, आधी पावती दे, मग आकडे. तो म्हणाला, आकडे टाकल्याशिवाय पावती निघत नाही. मावशी म्हणाल्या, आकडे सांगितले आणि पावती आलीच नाही, तर? तो म्हणाला, पावती दिली आणि तुम्ही पिशवी घेऊन निघून गेलात, तर? मागची रांग घड्याळं बघायला लागली.

मावशींना हे दृश्य ओळखीचं होतं. खिडकीच्या फळीवर हे रोज घडायचं. समोरच्याचा बिल्ल्यावर हात, आपला पिशवीवर, कोणी आधी सोडत नाही. तिथे एकच उपाय होता. त्यांनी पिशवी फळीवर ठेवली, बंद मनगटाला तसाच ठेवला आणि म्हणाल्या, “तूही धर.”

त्यानं पिशवीचं दुसरं टोक धरलं. मग मावशींनी तोंडानं आतलं सगळं सांगितलं, बॉक्स एक, डबा एक, वायरी, रिमोट एक, आणि त्यानं आत बघून पडताळलं. रिमोट हातात आल्यावर तो जरा थांबला. म्हणाला, आवाजाची बटणं बिघडली होती का, वापरलेलीच दिसत नाहीत. मावशी म्हणाल्या, नाही, बटणं चांगली आहेत, माणसालाच शांतता हवी होती. त्यानं रिमोट नीट आत ठेवला.

मग मावशींनी एकेक आकडा सांगितला. तो एकेक टाकत गेला. शेवटचा आकडा सांगितल्यावर दोघंही पिशवी धरून उभे राहिले. क्षणभर काहीच झालं नाही. मावशींची बोटं पांढरी पडली. मग मोबाईल वाजला. सामान मिळाले. मावशींनी बंद मनगटावरून सोडवला, आपला पितळी बिल्ला त्यावरून काढून घेतला आणि मगच पिशवी दिली.

त्यावरही त्या खिडकीपासून हलल्या नाहीत. ती किंमत रद्द झाल्याचं कागदावर लिहून, शिक्का मारून दिलं, तेव्हाच निघाल्या. शिक्का पुसट उठला होता, म्हणून दुसऱ्यांदा मारायला लावला.

बाहेर पायऱ्यांवर हेल्मेटवाला पाणी पीत होता. मावशींनी त्याला विचारलं, फुकट गेलेल्या फेरीचे तुला मिळतात का? तो म्हणाला, नाही, सामान आलं तरच मिळतात. मावशींनी पर्स उघडली आणि त्याच्या फेरीचे होतील तेवढे त्याच्या हातावर ठेवले. त्यानं नको नको केलं नाही, सरळ खिशात टाकले. हे मावशींना आवडलं. नको म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

घरी आल्यावर त्या आधी पोस्टमनकाकांकडे गेल्या. फोटो काढून टाकायला सांगितला, वर ग्रुपवर लिहायलाही लावलं की माणूस खरा आहे, त्याला आत सोडावं. काकांना फार वाईट वाटलं. त्यांच्या आयुष्यात पकडलेला तो एकच चोर होता.

पाच तारीख आली आणि गेली. मावशी बँकेत जाऊन पासबुक भरून आल्या. एक पैसा गेला नव्हता. रविवारी लेकाचा फोन आला.

“आई, बंद झालं का ते?”

“झालं.”

तो म्हणाला, “पूर्ण? काही जास्त न जाता?”

“तुला तर तिथे बसूनच सगळं कळतं. ईमेल तुझ्याकडे येतो.”

मग तो म्हणाला, हो, आला होता. त्याच दिवशी वाचला होता.

“आणि उत्तर दिलं नाहीस.”

“तूच म्हणाली होतीस, मध्ये बोलू नकोस म्हणून.”

“अरे, शहाणपणा नको करूस. खरं सांग.”

मग त्यानं खरं सांगितलं. त्याला वाटलं होतं, आई हरेल आणि एकदाचा विषय मिटेल. खातं त्याला नको होतं. पण पोस्टमनकाकांचं ऐकल्यापासून रोज सकाळी उठल्या उठल्या तो आधी मोबाईल बघत होता, आईचा काही फोन आला का, काही झालं का. हे सांगताना त्याचा आवाज लहानपणी काच फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता.

मावशींनी ते ऐकून घेतलं. विश्वास ठेवला का, ते त्यांनी ठरवलं नाही. एवढं म्हणाल्या, मग भीती वाटते असं म्हणायचं, खातं दे असं नाही. भीती सांगितलीस तर मी ऐकून घेते. आणि पुढे त्यांनी स्वतःहूनच सांगून टाकलं की पैसा गेला आहे, थोडा. कंपनीला नाही, बॉक्स न्यायला आलेल्या त्या माणसाला.

“मग शर्त?” तो चाचरत म्हणाला.

“तो माणूस दुसऱ्यांदा घरी आला असता, तर मला कचेरीत जायला लागलं नसतं. तो आला नाही, कारण तू गप्प बसलास. ते पैसे तुझ्या नावावर आहेत. बसचंही भाडं.”

तो हसला. मावशी हसल्या नाहीत, पण चहा ठेवायला उठल्या.

पुढच्या महिन्यात तो बायकोला घेऊन आला. भोकातून डोळा, फटीतून नाक, मग कड्या. पाया पडायच्या आधी त्यानं खिशातून पैसे काढले, फेरीचे आणि बसचे. मावशींनी ते मोजले. त्याची बॅग उचलून त्यांनी कपाटात ठेवली, कपाटाला किल्ली लावली आणि खिळ्यावरून पितळी बिल्ला काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

“रात्री दात घासायला ब्रश लागेल ना,” त्या म्हणाल्या. “तेव्हा आण.”

“आणि हरवला तर?”

“तर आत काय काय आहे ते सांगायचं. सूनबाईंच्या देखत.”

त्यानं बिल्ला शर्टाच्या वरच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.